तीन नंबरच्या बोअरमधलं पाणी

१

सोमवारी सकाळी अकरा वाजता, चार माणसांच्या डोळ्यांदेखत, तीन नंबरच्या बोअरमधलं पाणी गायब असल्याचं उघडकीला आलं.

शुक्रवारपर्यंत ते होतं. जमिनीखाली दोन मीटर दहा सेंटिमीटरवर, कधी बोटभर वर, कधी बोटभर खाली. भाचीने ते एकवीस दिवस रोज दुपारी मोजलं होतं आणि वहीत लिहिलं होतं. शनिवार-रविवार सुट्टी झाली, आणि सोमवारी पाहणीला आलेल्या मोठ्या साहेबांनी पाईपचं टोपण काढून मोजपट्टी आत सोडली, तर ती तळापर्यंत कोरडी गेली आणि कोरडीच वर आली.

"मग साहेब काय म्हणाले?" मातीमावशीने विचारलं.

मातीमावशी ही भाचीची सख्खी मावशी. पस्तीस वर्षं माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत काढून, शेवटी तिथली मुख्य होऊन ती निवृत्त झाली, त्यालाही आता तेरा वर्षं झाली होती. घरच्यांनी थट्टेने ठेवलेलं नाव पुढे साहेब लोकांच्याही तोंडी बसलं. तिचीही काही तक्रार नव्हती.

"म्हणाले, बोअर मारताना यंत्रात पाणी ओततात, तेच तू मोजलंस. कालांतराने ते जिरलं." भाची मंगळवारी संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात पाटावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. बत्तीस वर्षांची इंजिनीअर, पण मावशीकडे आली की तिला खुर्ची चालत नसे. "मी म्हटलं, जिरलं असतं तर रोज थोडं थोडं उतरलं असतं. माझ्या नोंदी एकसारख्या आहेत. तर म्हणाले, हो ना, म्हणूनच तर! एकसारख्या नोंदी घरी खुर्चीत बसूनच लिहिता येतात."

मावशीच्या हातातला चहाचा कप थांबला.

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. शुक्रवारी इमारतीच्या समितीची बैठक आहे. त्यात, खाली पाणी आहे, तळघर नको, हा माझा अहवाल रद्द करून माझं नाव इंजिनीअरांच्या यादीतून काढणार. मग मला कोण काम देईल गं? आणि अहवाल रद्द झाला की तळघर होणारच. त्या पाण्यात. वर बाळंतिणी झोपणार."

इमारत बाळंतपणाच्या रुग्णालयाची होती. गावात चार खाटांचा एक दवाखाना होता आणि त्याच्या डॉक्टरीणबाई वीस वर्षं या इमारतीसाठी उंबरे झिजवत होत्या. जागा मिळाली ती एका अटीवर: या महिनाअखेरीच्या आत पाया सुरू झाला पाहिजे, नाहीतर जागा परत.

"रडून झालं का तुझं?" मावशी म्हणाली.

"कधीच."

"मग ऊठ आणि तो माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढ. पाणी काय पाय लावून पळत नाही. त्याला कुणीतरी नेलंय, नाहीतर लपवलंय."

२

बुधवारी दुपारी मावशी साइटवर उतरली तेव्हा उन्हाने जमीन पांढरी पडली होती. जागा एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला उतरती. वरच्या अंगाला एक, दोन, चार आणि पाच नंबरचे बोअर, आणि खालच्या कोपऱ्यात, तळघर व्हायचं तिथे, एकटा तीन नंबर. प्रत्येकातून एक करडा पाईप जमिनीवर हातभर आलेला आणि त्यावर टोपण. पाईपला खालच्या भागात करवतीने चिरा पाडलेल्या असतात. त्यातून भोवतालचं पाणी आत येतं आणि जमिनीत असतं त्याच पातळीला उभं राहतं. एवढं साधं काम.

बोअरवाला तिथेच यंत्रावर रेलून उभा होता. रापलेला, पन्नाशीचा, आणि आज जरा जास्तच तापलेला.

"मावशी, तुम्ही तरी सांगा त्या साहेबांना! माझं ओतलेलं पाणी म्हणे! अहो, मी बोअर सोपवायच्या आधी सगळं पाणी उपसून काढतो, एक रात्र रिकामा ठेवतो, मगच पाईप घालतो. माझ्या बापाची रीत आहे ही."

"तुझ्या बापाला मी ओळखत होते," मावशी म्हणाली. "उपसायला विसरला म्हणून मी एकदा त्याला भर उन्हात परत बोलावला होता. तेव्हापासूनची रीत आहे ती."

बोअरवाल्याने डोक्यावरचा पंचा काढला आणि तोंड पुसायच्या निमित्ताने हसू झाकलं.

मावशीने डबा उघडला. आत तिचा पितळी बेडूक होता: अंगठ्याहून जाड, खालून पोकळ असलेला पितळेचा तुकडा, दोरीला बांधलेला. पाण्याला टेकला की "डुबुक" असा आवाज येतो, म्हणून प्रयोगशाळेत त्याला बेडूक म्हणत. नोकरीच्या पहिल्या वर्षी, साइटवर बाईमाणूस काय करणार म्हणून सगळे हसत असताना, तिथल्या लेथवरच्या म्हाताऱ्या काताऱ्याने तो तिच्यासाठी घडवून दिला होता. अशा पाईपात तो हजारदा उतरला होता.

आज तो उतरेना. तोंडाशीच अडला. तिथे आतल्या कडेला चिखल बसलेला होता.

"पाईप बदलला का रे तुम्ही?"

"नाही हो. तेच जुनं माप."

भाचीकडे नव्या पद्धतीचा, पेन्सिलीएवढा बारीक बेडूक होता. तो गेला, पण दोन्ही बाजूंना घासत, आणि तळाला टेकला तेव्हा ठक आवाज न येता भस्स आवाज आला. भाचीने तो वर ओढला. त्याच्या पोकळीत चिमूटभर वाळू अडकली होती. मावशीने ती तळहातावर घेतली, चिमटीत चोळली, नाकाशी नेली. वाळू भाजल्यासारखी कोरडी होती, फुंकरीने उडाली.

"गाळ असेल," भाची म्हणाली.

मावशीने हात झटकले. तिचं लक्ष पायाशी गेलं होतं. तिथे चांगला पाच-सहा किलोचा दगड पडला होता. वॉचमनने टोपण काढताना तो टोपणावरून उतरवला होता. बाकी चार बोअरांच्या टोपणांवर काही नव्हतं.

"हा दगड कुणी ठेवला?"

"मीच ठेवला बाई," वॉचमन म्हणाला. "ते टोपण बसतच नाही. संध्याकाळी बसवलं की सकाळी वर आलेलं. वीतभर! रविवारपासून चाललंय. आमची ही म्हणते आत साप आहे. मी म्हटलं, साप असता तर बाहेर आला असता, टोपणाशी कशाला कुस्ती खेळेल? पण खोटं कशाला बोलू, तेव्हापासून मी इकडे पाठ करून बसत नाही."

बोअरवाला हसला, भाचीही हसली. मावशी मात्र त्या दगडाकडे बघत राहिली.

"सकाळी वर," ती हळूच म्हणाली. "आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी आपोआप खाली, बाई. म्हणून तर म्हणतो, साप नव्हे. दुसरंच काहीतरी."

३

त्यानंतर दोन तास मावशीने नुसत्या गप्पा मारल्या. भाचीला वाटलं, मावशीचं वय झालं.

ठेकेदार सिमेंटच्या पोत्यांवर ऐसपैस बसला होता. सगळ्यांचा संशय त्याच्यावरच होता आणि त्याला ते ठाऊक होतं.

"विचारा, विचारा," तो म्हणाला. "चोर मीच दिसतो ना? पोट सुटलंय, सोन्याची अंगठी आहे, झालं! पण मावशी, पाणी निघालं तर मला पंप लावायला मिळतात, भिंती जाड करायला मिळतात. काम वाढलं तर मी रडेन का? कोरडा बोअर म्हणजे माझंच नुकसान."

ते खरं होतं. मावशीने मान हलवली.

आर्किटेक्टला तळघर जिवापाड प्यारं होतं. त्याने नकाशा उलगडून सांगायला सुरुवात केली ती थांबेचना. पण त्याच्या पायात पांढरे बूट होते, आणि तीन नंबरपर्यंत चला म्हटल्यावर त्याने मधल्या चिकट मातीकडे असं पाहिलं की जणू त्याला विहिरीत ढकलतायत. तो सोमवारीही वरूनच बघत उभा होता, असं वॉचमन म्हणाला.

"शनिवारी-रविवारी कोण आलं होतं इथे?" मावशीने वॉचमनला विचारलं.

"कुणी परकं नाही. सगळी आपलीच माणसं. मी जेवायला घरी जातो तेव्हा फाटक उघडंच असतं."

शेवटी दोघी दवाखान्यात गेल्या. चार खाटा, फिनेलचा वास, बाहेरच्या बाकावर तीन पोटुशा बाया पंख्याखाली दाटीने बसलेल्या. दोन खाटांमध्ये पांढऱ्या नळीवर पडदे लावलेले होते. खिडकीजवळचा पडदा तेवढा सुतळीवर होता आणि मध्ये झोळीसारखा लोंबत होता.

कंपाउंडर एका मुलीच्या गुडघ्याला पट्टी लावत होता. तीस वर्षं तो या दवाखान्यात होता. बुटका, चपळ, केस सगळे पिकलेले. त्याने चिकटपट्टी ताणली आणि दातांनी टर्रकन फाडली.

"अरे, कात्री आहे ना शेजारी!" डॉक्टरीणबाई आतून ओरडल्या. "किती वर्षं सांगू तुला? दातांनी फाडू नकोस!"

"हो ताई," तो म्हणाला आणि पुढची पट्टी दातांनीच फाडली. मुलगी खुदकन हसली.

डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या. गेल्या चार दिवसांत त्या नीट झोपल्या नव्हत्या हे दिसत होतं.

"तुमच्या भाचीवर माझा राग नाही," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगते, बोअर कोरडा निघाला तेव्हा मला हायसं वाटलं. पाणी आहे म्हटलं तर सगळा नकाशा पुन्हा. तारीख निघून जाईल, जागा जाईल. मी या बायकांना वीस वर्षं सांगतेय, होईल, होईल. आता त्यांच्या मुलींनाही तेच सांगतेय."

"पाणी खरंच असेल तर?"

डॉक्टरीणबाईंनी बाकावरच्या बायांकडे पाहिलं. "तर मला ते कळलंच पाहिजे," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मावशी रस्त्यातच उभी राहिली.

"साहेबांना फोन लाव. म्हणावं, शुक्रवारची बैठक साइटवर घ्या. तीन नंबरपाशी. सकाळी सात वाजता."

"सात? मावशी, ते दहाच्या आधी दाढीसुद्धा करत नाहीत!"

"मग दाढी न करता या म्हणावं. आठ वाजले तर पाणी दिसायचं नाही."

४

गुरुवारभर भाची मावशीच्या मागे लागली होती. मावशीने तिला काही सांगितलं नाही, फक्त एक जुनी हकीकत सांगितली.

"मी तुझ्या वयाची होते तेव्हाची गोष्ट. एका कारखान्यात जमिनीखाली पाण्याची मोठी टाकी बांधली होती. सिमेंटची, चांगली खोलीएवढी. अजून भरायची होती. चार दिवस धो धो पाऊस झाला आणि पाचव्या दिवशी सकाळी आम्ही जाऊन बघतो तर टाकी जमिनीतून कंबरभर वर आलेली. मुकादम म्हणाला भूकंप झाला. आमचे साहेब नास्तिक, पण तेही चप्पल काढून उभे राहिले."

"मग?"

"मग आमच्या काताऱ्याने साहेबांच्या हातातला रिकामा चहाचा पेला घेतला आणि पाण्याच्या पिंपात उभा दाबला. आणि सोडला. टुणकन वर आला. बास. साहेबांनी पुन्हा चप्पल घातली."

भाची ताडकन उठली. "मावशी! ते टोपण!"

"झोप आता," मावशी म्हणाली. "आणि उद्या सगळ्यांसमोर तू बोलायचंस. नाव तुझं गेलंय, माझं नाही."

५

शुक्रवारी सात वाजता खरोखरच साहेब बिनदाढीचे आले. समितीचे दोघे, ठेकेदार, आर्किटेक्ट, बोअरवाला, डॉक्टरीणबाई आणि त्यांच्या मागे त्यांची पिशवी घेऊन कंपाउंडर. सगळे तीन नंबरभोवती गोल उभे राहिले. आर्किटेक्टने आज रबरी बूट घातले होते.

"बोला," साहेब म्हणाले. "माझ्याकडे वेळ नाही."

भाचीचा आवाज पहिल्या वाक्याला कापला, पुढच्याला सावरला.

"साहेब, वॉचमन म्हणतो हे टोपण रोज सकाळी वर येतं आणि दिवसा खाली बसतं. आसपासच्या विहिरींवर पंप कधी चालतात? आठपासून संध्याकाळपर्यंत. तेवढा वेळ जमिनीतलं पाणी थोडं उतरतं. पंप बंद झाले की रात्रभरात पुन्हा चढतं. माझ्या वहीत पहिल्या आठवड्यात मी सकाळ-दुपार दोन्ही वेळांना मोजलं होतं, फरक वीतभराचा आहे. म्हणजे टोपण पाण्याबरोबर वर-खाली होतंय."

"कुठल्या पाण्याबरोबर? बोअर कोरडा आहे!"

"बोअर कोरडा नाही. पाईप कोरडा आहे." तिने वॉचमनला खूण केली. "दगड काढा."

वॉचमनने दगड उतरवला आणि दोन पावलं मागे सरला. टोपण हललं. आणि मग सगळ्यांच्या देखत, सावकाश, झोपेतून कुणी मान वर करावी तसं ते वर आलं. भाचीने ते उचललं. करड्या पाईपच्या तोंडातून आत बसवलेल्या दुसऱ्या, पांढऱ्या पाईपचं टोक वीतभर बाहेर डोकावत होतं. त्याच्या कडेला लिंपलेला चिखल तडकून गळत होता.

भाचीने तळहाताने तो खाली दाबला. सोडला. तो पुन्हा वर आला.

"बुडाला बंद केलेली रिकामी नळी," ती म्हणाली. "खाली पाणी नसेल तर हिला वर कोण ढकलतंय, साहेब? वजनाला आत वाळू टाकलीय. कोरडी. जमिनीच्या पोटात इतकी कोरडी वाळू कधी असते का?"

 साहेब वाकले आणि त्यांनी स्वतः दाबून पाहिलं. मग परत एकदा. एवढा मोठा माणूस, पण तिसऱ्यांदा त्यांनी गंमत म्हणूनच दाबलं असं ठेकेदार पुढे कितीतरी दिवस सांगत होता.

बोअरवाल्याने नळी उपसली. सहा मीटर, दोन तुकडे जोडलेले. सांध्यावर चिकटपट्टीचे थरावर थर, बुडाला औषधाच्या बाटलीचं रबरी बूच आणि त्यावर पुन्हा पट्टी. नळी बाहेर आली तशी भाचीने आपला बारीक बेडूक रिकाम्या झालेल्या करड्या पाईपात सोडला. सगळे कान लावून उभे होते.

डुबुक.

"एक मीटर नव्वद," भाची म्हणाली.

६

"ही माझी नळी नाही," बोअरवाला म्हणाला. "असली बारीक मी ठेवत नाही."

"माझीही नाही," ठेकेदार म्हणाला.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. नळीवर जागोजागी पडद्याच्या कड्यांचे घासल्याचे गोल डाग होते.

"माझी आहे," त्या म्हणाल्या. "मीच केलं. लिहून घ्या."

 मातीमावशी पहिल्यांदाच पुढे आली.

"तुम्ही नाही केलं, डॉक्टर. पाणी असेल तर मला कळलंच पाहिजे, असं तुम्ही परवा म्हणालात. लपवणारं माणूस तसं म्हणत नाही." तिने सांध्यावरच्या पट्टीचं टोक वर उचललं. ते दातरं, ओलसर, वेडंवाकडं तुटलेलं होतं. "आणि तुमच्या हातात कात्री असते."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"ताई, माझ्यासाठी खोटं बोलू नका," कंपाउंडर म्हणाला. "शनिवारी दुपारी मी केलं. साहेब पाहणीला येणार हे तुमच्याच तोंडून ऐकलं होतं. मला वाटलं, चार हात पाणी, इमारत झाली की पंप लावून काढून टाकू. जागा गेली तर मात्र परत यायची नाही." तो भाचीकडे वळला.  "पोरी, तुझं नाव यात जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं गं. सोमवारी साहेब तुला बोलले तेव्हा मी फाटकाशीच होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. जीभ उचलली नाही."

"काका," भाची म्हणाली, "मला एकदा विचारलं असतंत तर?"

"काय विचारायचं?"

"हेच, की पाणी लागलं तर तारीख जाते का." ती साहेबांकडे वळली, पण बोलली सगळ्यांना उद्देशून. "अट पाया सुरू करण्याची आहे. तळघराची नाही. वरच्या अंगाला चारही बोअर कोरडे आहेत, माती घट्ट आहे. इमारत वीस पावलं वर सरकवा, तळघर काढून टाका, सामानाची खोली वर घ्या. पाया पुढच्या आठवड्यात सुरू होतो. आणि हा खालचा कोपरा विहिरीला ठेवा. रुग्णालयाला पाणी नको का? विकत आणणार होता ना टँकरने?"

आर्किटेक्टने तोंड उघडलं, तळघर आठवून मिटलं, आणि मग खिशातून पेन्सिल काढून गुडघ्यावरच नकाशा पसरला. "वीस पावलं म्हणजे मीटरमध्ये किती?" त्याने विचारलं.

साहेबांनी भाचीची वही मागून घेतली. एकवीस दिवसांच्या नोंदींखाली त्यांनी आजची नोंद स्वतःच्या अक्षरात लिहिली आणि सही केली. "खुर्चीचं जे बोललो ते मागे घेतो," ते म्हणाले. "तुमचं नाव यादीत राहील. यांच्या बाबतीत," त्यांनी कंपाउंडरकडे पाहिलं, "काय करायचं ते तुम्हीच सांगा. नुकसान तुमचं झालंय."

भाचीने मावशीकडे पाहिलं. मावशी मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

"सोमवारी समितीसमोर यांनी हे सगळं लेखी द्यावं," भाची म्हणाली. "माझं नाव घेऊन. आणि पाया भरून होईपर्यंत रोज सकाळी सातला येऊन पाणी मोजावं. मी मधूनमधून तपासणार. एक जरी आकडा मनाने लिहिलेला सापडला, तर मग मी माझी मावशी मागे लावीन."

"नको नको," कंपाउंडर घाईने म्हणाला, आणि हसावं की रडावं ते न कळून त्याने दोन्ही केलं.

दहाव्या दिवशी वरच्या अंगाला पायाचा चर निघाला. दवाखान्यात जाता जाता बाकावरची एक पोटुशी बाई, सातवा भरलेली, कमरेवर हात ठेवून तिथे थांबली. डॉक्टरीणबाई, भाची आणि मावशी चराच्या काठावर उभ्या होत्या.

"डॉक्टर, कधी होणार हो हे?" तिने विचारलं.

डॉक्टरीणबाईंच्या ओठांवर वीस वर्षांचं सवयीचं उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि भाचीकडे बोट दाखवलं. "हिला विचार. ही सांगेल ते खरं."

भाचीने चराकडे पाहिलं, बोटांवर महिने मोजले, एकदा पुन्हा मोजले.

"चौदा महिने," ती म्हणाली. "या बाळाला जमणार नाही. पुढच्याच्या वेळी या."

"अगं बाई!" ती बाई पोट सांभाळत चालू लागली. "आधी हे तर होऊ दे सुखरूप, पुढच्याचं काय काढलंस!" चार पावलं गेली आणि मागे वळली.

"चौदा नक्की ना?"

"नक्की," भाची म्हणाली.